मामानं दाखवलेली दोन बोटं

मे महिन्याची सुट्टी लागली, की माझे मित्र मामाच्या गावाला विहिरीत डुंबायला जायचे. मी जायचो मामाच्या गॅरेजमध्ये. माझा मामा कोल्हापुरात गाड्यांच्या वायरिंगची कामं करतो. हात कायम काळे, कानावर पेन्सिल आणि खिशात टेस्टर. मी सातवीत होतो, त्या वर्षीची ही गोष्ट.

एका सकाळी गॅरेजसमोर एक लालभडक गाडी येऊन उभी राहिली. दोनच माणसांची आणि इतकी बुटकी, की तिचं छप्पर माझ्या गळ्यापर्यंत येत होतं. स्पोर्ट्‌स कार! आतापर्यंत मी अशी गाडी फक्त वहीवरच्या स्टिकरवर पाहिली होती. तक्रार मात्र साधीच होती. ड्रायव्हरकडची काच वर येत नव्हती. बटण दाबलं, की दाराच्या पोटात 'घूंऽऽ' व्हायचं, काच मात्र ढिम्म.

"मोटर जिवंत आहे, हात तुटलाय," मामा म्हणाला आणि त्यानं दाराचं आतलं कव्हर उतरवलं.

मला वाटलं, एवढ्या महागड्या गाडीच्या दारात काहीतरी भन्नाट असणार. निघालं काय? मुठीएवढी मोटर, एक उभी पट्टी आणि एक तारेची दोरी. दोरी चकतीवर गुंडाळलेली. चकती एका बाजूला फिरली, की दोरी काचेला पट्टीवरून वर ओढते, दुसऱ्या बाजूला फिरली, की खाली.

"हा तर विहिरीचा रहाटच की!" मी म्हणालो.

मामा खूश झाला. काच दोरीला धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा चिमटा तेवढा तुटला होता. बाकी सगळं ठणठणीत.

"पण मामा, मोटर एकच. मग कधी वर, कधी खाली कशी?"

"तुझ्या खेळण्यातल्या गाडीचा सेल उलटा घातलास तर काय होतं?"

"उलटी पळते."

"मग हे बटण तेवढंच करतं बघ. सेल न काढता उलटा करतं."

मला सगळ्यात आवडलं ते मोटरच्या तोंडाशी होतं. तिच्या दांड्यावर स्क्रूसारखे आटे होते आणि ते एका दातेरी चाकात अडकले होते. आटे चाकाला फिरवतात, पण चाक काही आट्यांना फिरवू शकत नाही. म्हणून बंद काच बाहेरून कितीही दाबा, ती खाली सरकत नाही. गिटारच्या खुंट्यांना असेच आटे असतात. तार एवढी ताणलेली असते, तरी खुंटी आपोआप उलटी फिरत नाही, ती त्यामुळेच.

दाराच्या मागच्या कडेला आणखी एक मोटर होती, काडेपेटीएवढी. ही कुलपाची. ती क्षणभरच फिरते, एक बारीक दांडी ढकलते आणि 'खट्' असा आवाज येतो.

"ही फक्त कुलूप लावते नि काढते," मामा म्हणाला. "दार उघडायचं काम हँडलचं. त्याला करंट लागत नाही. आणि आत बसून कुलूप लागलेलं असलं, तर ह्या गाडीचं हँडल दोनदा ओढायचं. पहिल्यांदा कुलूप निघतं, दुसऱ्यांदा दार उघडतं."

हे मी नीट ऐकलं नाही. माझं लक्ष काचेकडे होतं. या गाडीच्या खिडकीला चौकटच नव्हती! काचेची वरची कड थेट छपराच्या रबरात घुसत होती. म्हणून दाराचं हँडल ओढलं, की काच आधी जराशी खाली सरकायची आणि दार लावलं, की परत वर जाऊन रबरात बसायची. मी दहा वेळा तरी दार उघडलं-लावलं असेल. शेवटी मामा ओरडलाच.

नवा चिमटा बसल्यावर मामानं डब्यातली काकडी खिडकीत धरून काच वर केली. काकडी चेचली गेली. "बघितलंस? बोट घालायचं नाही." नव्या बऱ्याच गाड्यांत मोटरचा वेग अडथळ्यानं कमी झाला, की ते यंत्राला कळतं आणि काच आपली आपण खाली येते. ह्या गाडीत ती सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामानं गाडीची बॅटरी काढून चार्जिंगला लावली आणि तो चहाला गेला. गाडी उन्हात उभी. दार किलकिलं होतं. मला कुठलं राहवतंय? मी हळूच आत बसलो, दार ओढून घेतलं आणि रुबाबात दारावरची कुलपाची कळही दाबली.

मिनिटभर मी मोठ्या रेसमध्ये होतो. मग घाम फुटला. बंद गाडी उन्हात १० मिनिटांत साधारण १० अंशांनी तापते, हे तेव्हा ठाऊक नव्हतं, पण अंगाला कळत होतं. काच खाली करायला बटण दाबलं. काहीच नाही. परत दाबलं. नाही! हँडल एकदा ओढलं. दार हललं नाही. मी घाबरून कुलपाची कळ पुन्हा दाबली, म्हणजे निघालेलं कुलूप मीच परत लावलं. पलीकडचं दार आधीच बंद. किल्ली माझ्यासमोर, स्टिअरिंगच्या खाली लटकत होती. मी काचेवर हात आपटून रडायलाच लागलो.

मामा धावत आला. बाहेरून हँडल ओढलं, उघडेना. त्यानं काचेला नाक लावलं आणि दोन बोटं दाखवली. मला वाटलं, दोन मिनिटं थांब म्हणतोय. मी आणखी जोरात रडलो. मग त्यानं हवेतच हँडल ओढून दाखवलं. एक... दोन. परत दोन बोटं.

मी ओढलं. एकदा. मग दुसऱ्यांदा. काच खाली सरकली नाही, कारण करंटच नव्हता. रबर 'कर्रर्र' करून ओरडलं आणि दार उघडलं.

पुढे मोठेपणी वाचलं, की अमेरिकेतल्या कॉर्व्हेट गाडीच्या २००५ सालच्या मॉडेलपासून दाराला नेहमीसारखं हँडलच ठेवलं नव्हतं. बाहेर कळ, आतही बटण, म्हणजे दार उघडणंसुद्धा विजेवर. पण सीटशेजारी खाली जमिनीवर एक साधी खेचायची मूठ दिली होती, बॅटरी गेली तर ओढायला. ते वाचताना माझा हात आपोआप खाली गेला. मी तेव्हा घरात खुर्चीवर बसलो होतो!

मामानं मला मारलं नाही. पाण्याचा तांब्या दिला, स्वतः पायरीवर बसला. त्याचे हात थरथरत होते. संध्याकाळी बॅटरी जोडल्यावर त्यानं मला पुन्हा आत बसवलं, कुलूप लावायला लावलं आणि म्हणाला, "डोळे मिट. आता उघड."

मालक गाडी न्यायला येईपर्यंत मी ते दार डोळे मिटून सात वेळा उघडलं. ह्या वेळी मामा ओरडला नाही.