बटाट्यांशेजारची वाईन

आमच्या बडोद्यात किराणा दुकानात काय मिळतं हे वेगळं सांगायला नको. डाळ, तांदूळ, तेल, पापड, फार तर कोल्ड्रिंक. १९६० मध्ये गुजरात राज्य झालं तेव्हापासून इथे दारूबंदी आहे. त्यामुळे दांडिया बाजारात वाढलेल्या माझ्या आईने सत्तरी ओलांडेपर्यंत वाईनची बाटली कधी हातात धरली नव्हती. ती धरली २०२४ च्या सप्टेंबरात, फ्रान्समधल्या ल्यों शहरात, बटाटे आणायला गेलो होतो तेव्हा.

माझी धाकटी बहीण तिथे राहते. शनिवारी सकाळी ती, आई, मी आणि तीन वर्षांची भाची असे जवळच्या सुपरमार्केटमध्ये गेलो. भाजीच्या पलीकडे लाकडी खोक्यांचे ढीग रचलेले, आणि हातात छापील यादी घेऊन माणसं पेनाने खुणा करत फिरत होती. आई म्हणाली, "वह्यापुस्तकांचा सेल लागलाय वाटतं." सेल होता, पण वाईनचा.

फ्रान्समध्ये दर सप्टेंबरात किराणा दुकानांतून अशी 'वाईनची जत्रा' भरते. लेक्लेर या दुकानसाखळीने १९७३ मध्ये ब्रिटनी भागात ही प्रथा सुरू केली आणि मग बाकीच्यांनी ती उचलली. सप्टेंबरच का, तर ऑगस्टची सुट्टी संपवून लोक घरी परतलेले असतात, आणि नवी द्राक्षं खुडायची वेळ आल्यामुळे मळेवाल्यांना तळघरात जागा करायची असते. दुकानं एकदम मोठा माल उचलतात आणि नफा कमी ठेवतात, कारण वाईनसाठी आलेला माणूस आठवड्याचा बाजारही तिथेच करतो. आम्हीही केलाच.

सगळंच स्वस्त ते चांगलं नसतं, हे बहिणीने आधीच बजावलं होतं. बाटलीवर 'बोर्दोची थोर वाईन' असं सोनेरी अक्षरांत लिहिलेलं असतं, पण त्याने दर्जा ठरत नाही. त्याऐवजी गाव कोणतं, वर्ष कोणतं आणि बाटली मळ्यातच भरली आहे का, हे बघायचं. यादी आदल्या दिवशी घरी वाचायची आणि पहिल्याच सकाळी जायचं, कारण नावाजलेल्या मळ्यांच्या बाटल्या मोजक्याच येतात.

आम्हाला एकच गोष्ट हवी होती. भाचीचा जन्म एप्रिल २०२१ चा. तिकडे निर्बंध, इकडे दुसरी लाट. बडोद्याहून कुणीच जाऊ शकलं नाही. बारसं आम्ही मोबाईलवर पाहिलं. आईने नातीला मांडीवर घेतलं तेव्हा ती दीड वर्षाची होती. फ्रान्समध्ये मुलाच्या जन्मवर्षाची वाईन ठेवून ती अठरा वर्षांचं झाल्यावर उघडायची पद्धत आहे. बहिणीला तशी बाटली घ्यायची होती, आणि एरवीच्या किमतीत ती परवडत नव्हती.

यादीत 'कोत-रोती' होती. आईने विचारलं, "रोटी?" नावाचा अर्थ 'भाजलेला उतार'. ल्योंच्या दक्षिणेला, ऱ्होन नदीच्या काठी हे मळे आहेत. द्राक्ष सिराह, म्हणजे आपल्या नाशिककडे शिराझ म्हणतात तेच. एरवी पन्नास युरोच्या आसपास जाणारी बाटली अडतीसला होती.

दुकानाने एक जाणकार माणूस उभा केला होता. त्याने २०२० ची बाटली पुढे केली. ते वर्ष उन्हाचं, वाईन ठेवायला उत्तम. २०२१ नको म्हणाला. त्या एप्रिलात फ्रान्सभर कडक हिमकडाका पडला होता, शेतकऱ्यांनी रात्री मळ्यांत शेकोट्या पेटवून कोंब वाचवले. पुढचा उन्हाळाही थंड गेला. वाईन हलकी झाली, ती लवकर प्यावी. पंधरा वर्षं टिकेल का, विचारलं तर म्हणाला, चांगल्या मळ्याची आहे, टिकावी. पण हमी देणार नाही.

बहीण अडली. त्याच पैशात चांगली वाईन समोर होती. तिने आईला सगळं समजावून सांगितलं. आईने बाटली हातात घेऊन वर्षाचा आकडा वाचला. "त्या वर्षी कुणाचं काय चांगलं पिकलं होतं? तिचंच वर्ष घे."

२०२१ च्या दोन बाटल्या घेतल्या. एक दहाव्या वर्षी उघडून बघायला, एक अठराव्याला.

दुसऱ्या दिवशी आम्ही रेल्वेने व्हिएन गावी उतरून, तिथून नदीपलीकडे आंप्वीला गेलो. कोत-रोतीचे मळे तिथे आहेत. उतार इतका उभा की यंत्र चालत नाही. दगडी बांध घालून पायऱ्या केल्या आहेत आणि वेली काठ्यांना बांधल्या आहेत. द्राक्षं हातानेच खुडतात. आई खाली उभी राहून बराच वेळ वर बघत होती. "अडतीस जास्त नाहीत," एवढंच म्हणाली.

बाटली बडोद्याला आणायचा प्रश्नच नव्हता. बहिणीच्या इमारतीखाली प्रत्येक घराला तळघरात एक खोली आहे, अंधारी आणि थंड. बूच ओलं राहावं म्हणून बाटल्या तिथे आडव्या ठेवतात. आईला हे समजावायला वेळ लागला नाही. आमच्याकडे लिंबाचं लोणचं जितकं जुनं तितकं चांगलं, आणि तिच्या कपाटात बारा वर्षांची बरणी आहे.

त्या रात्री जेवताना बहिणीने सात युरोची साधी वाईन उघडली. आईने ग्लासाचा वास घेतला आणि तो मला परत दिला.

निघायच्या आदल्या दिवशी ती तळघरात गेली. दोन्ही बाटल्यांच्या गळ्यात तिने चिठ्ठी बांधली, मराठीत, नातीचं नाव आणि जन्मतारीख लिहून. शेजारी स्वतः घातलेल्या लिंबाच्या लोणच्याची बरणी ठेवली.

"लोणचं केव्हाही काढा," ती जावयाला म्हणाली. "बाटलीला हात लावू नका."