काकांचा शब्द

करार ही परक्यांशीं करावयाची गोष्ट, घरांत शब्द पुरतो, अशी आमच्या घरीं पूर्वापार समजूत होती. आणि त्याच समजुतीवर ताईनें आपली नोकरी सोडली. ‘राजीनामा दे, एम्. ए. हो, खर्च माझा,’ असें काका पंक्तींत सर्वांसमक्ष म्हणाले होते. पहिल्या वर्षाची फी त्यांनीं दिलीही. दुसऱ्या वर्षीं त्यांना व्यापारांत खोट आली, आणि तो विषयच बोलण्यांतून नाहींसा झाला.

मी तेव्हां नुकताच कायदा शिकूं लागलों होतों. १८७२ च्या करार-कायद्याचें दहावें कलम मला मुखोद्गत होतें: करारास समर्थ अशा माणसांची मोकळी संमति, कायदेशीर मोबदला आणि कायदेशीर हेतु असला म्हणजे करार झाला. येथें प्रस्ताव होता, स्वीकार होता. अडत होतें तें मोबदल्यापाशीं. निव्वळ मायेपोटीं दिलेलें वचन पंचविसावें कलम जवळच्या आप्तांत मान्य करतें; पण तें लेखी व नोंदलेलें हवें. मायेला नोंदणी लागावी, हें मला त्या वयांत मोठें चमत्कारिक वाटलें!

मग हावड्याचा खटला सांपडला. तेथील नगरभवनासाठीं एका गृहस्थानें शंभर रुपये वर्गणी कबूल केली व पुढें नाकारली. अशा वर्गण्यांच्या भरंवशावर बांधकामाचा मक्ता दिला गेला होता, म्हणून १८८६ सालीं कलकत्ता हायकोर्टानें ती रक्कम त्याला द्यावयास लाविली. वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून दुसऱ्यानें कांहीं केलें वा सोडलें, तर तोच मोबदला. ताईनें तर नोकरी सोडली होती!

मीं मोठ्या उत्साहानें तिला हें सांगितलें. १९१९ च्या बाल्फर खटल्याची अडचणही लपविली नाहीं: सिलोनांत नोकरी करणाऱ्या पतीनें विलायतेंत राहणाऱ्या पत्नीस दरमहा तीस पौंड कबूल केले होते, पण असल्या घरगुती बोलण्यांत कोर्टाची बांधिलकी अभिप्रेत नसते, म्हणून तिला कांहींएक मिळालें नाहीं. ताईनें शांतपणें ऐकून घेतलें. ‘म्हणजे काका परके होते, असें मला आधीं सिद्ध करावें लागेल,’ एवढेंच ती म्हणाली, आणि शिकवणीला निघून गेली. त्या शिकवण्यांवरच तिची दुसऱ्या वर्षाची फी भरली.

गेल्या वर्षीं तिच्या मुलीच्या शिक्षणाचा भार मीं पत्करला, तेव्हां दुय्यम निबंधकाच्या कचेरींत जाऊन रीतसर दस्त नोंदविला. कागद हातांत घेऊन ताई हंसली.

‘एवढा परका कधीं झालास रे?’