तापीकाठावरून पोवळ्यांच्या गावी



आपल्या खानदेशात पोवळे म्हटले की अंगठीतला लाल खडा आठवतो. मंगळासाठी कुणी तो बोटात घालतो. हा खडा एका समुद्री जिवाच्या अंगचा सांगाडा आहे, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. हल्ली जळगाव-धुळ्याकडची मुले मोबाइलवर काचेच्या टाकीत डुलणारी रंगीत पोवळी पाहतात आणि तशी टाकी घरी आणा म्हणून हट्ट धरतात. टाकीचा विचार करण्याआधी हा जीव आपल्या घरी कसा राहतो ते पाहावे. म्हणून या खेपेस तुम्ही माझ्याबरोबर मालवणला चला.

आपली तापी चांगदेवला पूर्णेला पोटात घेते आणि सुरतेपुढे डुमसजवळ अरबी समुद्राला मिळते. मग पोवळी तिथेच का पाहू नयेत? कारण तिथे ती नाहीत. खंबायतच्या आखाताचे पाणी गाळाने गढूळ असते. पोवळ्याच्या अंगात अतिसूक्ष्म शेवाळ राहते. ते उन्हावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा पोवळ्याला देते. पोवळे प्राणी खरे, पण त्याच्या पोटात जणू हिरवे पीक उभे असते. गढूळ पाण्यात ऊन उतरत नाही आणि पीक उपाशी राहते.

दिवाळीनंतर, रब्बीची पेरणी उरकली की निघावे. जळगाव किंवा चाळीसगावहून कल्याण-पनवेलमार्गे कोकण रेल्वेने कुडाळ गाठायचे आणि तिथून एस. टी.ने मालवण. पावसाळ्यात जाऊ नये; समुद्र खवळलेला असतो आणि पाण्यात उतरणे बंद असते.

मालवणच्या किनाऱ्यासमोर सिंधुदुर्ग उभा आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ साली त्याची पायाभरणी केली. याच परिसरातला समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यात, डोळ्यांना काच आणि तोंडात नळी लावून, वाटाड्याच्या आधाराने पोहता न येणाऱ्यालाही पोवळी पाहता येतात. पाण्याखाली धोंडे दिसतात, पण नीट पाहिले तर धोंड्यावर असंख्य बारीक तोंडे असतात. ही दगडी जातीची पोवळी. त्यांतल्या कित्येकांची वाढ वर्षाला एखादा सेंटिमीटर. म्हणून त्यांवर पाय टेकवू नये, हात लावू नये. समुद्रपंख्यासारखी त्यांची भावंडे खोल खडकांवर असतात आणि बुडी मारणाऱ्यालाच दिसतात.

घरच्या टाकीत प्रामुख्याने मऊ पोवळी ठेवतात. त्यांना दगडी घर नसते. प्रत्येक तोंडाभोवती आठ मिशा असतात. ऊस जसा बेण्यापासून लागतो, तसा यांचा तुकडा दगडावर बांधला की नवे पोवळे धरते. त्यामुळे ती सोपी समजली जातात. पण सोपी म्हणजे दुर्लक्ष चालेल अशी नव्हेत. समुद्रात जे आपोआप होते, ते टाकीत तुम्हांला रोज करावे लागते.

पहिली गोष्ट मिठाची. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. विहिरीचे मचूळ पाणी किंवा घरचे मीठ इथे चालत नाही. गाळून क्षार काढलेल्या पाण्यात खास समुद्री क्षारांचे मिश्रण घालावे लागते. १०० लिटरच्या टाकीत साडेतीन किलो क्षार झाले. आता चैत्र-वैशाखात १० लिटर पाणी उडून गेले, तर क्षार तेवढेच राहतात आणि लिटरमागे ३९ ग्रॅम होतात. चोपण जमीन अशीच होते हे तुम्ही जाणता. म्हणून तूट रोज गोड्या, क्षारमुक्त पाण्यानेच भरावी. पुन्हा खारे पाणी ओतू नये.

दुसरी गोष्ट खताची. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो. जिवाणू त्याचे नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. युरिया टाकल्यावर शेतात हेच घडते. टाकीत हे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पोवळे आणू नये. नायट्रेट व फॉस्फेट फार वाढले की केळीला जे पोसते तेच पोवळ्याला बाधते, आणि काचेवर शेवाळ माजते. त्यासाठी थोडे पाणी ठरावीक दिवशी बदलावे.

तिसरी गोष्ट औषधांची. बोर्डो मिश्रणातले किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइडमधले तांबे पोवळ्याला विष आहे. फवारणीचा हात, फवारणीची बादली टाकीत जाता कामा नये. उलट काही पोवळी माणसालाच घातक असतात. झोअँथस गटातल्या काहींमध्ये जालीम विष असते. हाताला जखम असताना ती हाताळू नयेत, त्यांचा दगड कधी उकळू नये आणि मुलांना टाकीत हात घालू देऊ नये.

चौथी आणि सर्वांत अवघड गोष्ट उन्हाची. पोवळ्याला २४ ते २७ अंश सेल्सिअस पाणी मानवते. ते ३० च्या वर बराच काळ राहिले की अंगातले शेवाळ निघून जाते आणि पोवळे पांढरे पडते. १९९८, २०१० आणि २०१६ साली तापलेल्या समुद्रात भारतातली पोवळीही अशी पांढरी पडली. समुद्राची ही गत, तर भुसावळ-जळगावचा मे महिना ४५ अंशांना टेकतो तेव्हा टाकीचे काय? त्यात वीज गेली की पाणी फिरवणारा पंप थांबतो आणि पाण्यातला प्राणवायू कमी होतो.

कायद्याचेही ध्यानात ठेवा. दगडी पोवळी, काळी पोवळी आणि समुद्रपंखे यांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून संरक्षण आहे. ती तोडली, विकली किंवा बाळगली तर ३ ते ७ वर्षांचा तुरुंगवास होऊ शकतो. मालवणहून आठवण म्हणून एक तुकडाही खिशात घालू नका. दुकानदार मऊ जातीचे म्हणून काही देत असेल, तर पैसे देण्याआधी वन विभागाच्या कार्यालयात विचारा.

एवढे ऐकूनही मुलांचा हट्ट राहिला, तर एक बिनखर्ची चाचणी सांगतो. वैशाखात ज्या खोलीत टाकी ठेवायची तिथे बादलीभर पाणी ठेवा. आठ दिवस पहाटे आणि दुपारी मुलांकडूनच तापमान मोजून वहीत लिहून घ्या. दिवे आणि पंप यांमुळे टाकी बादलीपेक्षा गरमच राहील, हे लक्षात धरा. वहीतला आकडा २७ च्या वर जात असेल, तर पाणी थंड करणारे यंत्र आणि इन्व्हर्टर यांचा खर्च आधी मांडा. तो झेपत नसेल तर गोड्या पाण्यातले गप्पी मासे पाळा, आणि तेच पैसे साठवून मुलांना मालवण दाखवून आणा.