त्रेचाळीस कीं एकोणचाळीस?

आमच्या जळगांवच्या घरामागें, चिंचेखालीं, एक जीप-गाडी कित्येक वर्षें उभी होती. आजोबांनीं ती शेतीसाठीं घेतली, पुढें तिचा मागचा भाग उघडा करून तिला लहान मालगाडीचें रूप दिलें, आणि यावलकडील मळ्यांतून केळ्यांचे घड आणण्यांत तिची उमर गेली. विलीज जातीच्या जीपा मुंबईंत जुळविण्यास १९४० च्या दशकाच्या अखेरीस प्रारंभ झाला. आमची गाडी त्यांतील उंच बॉनेटच्या नमुन्याची. हा नमुना अमेरिकेंत १९५३ पासून निघूं लागला, व तिकडे १९६८ मध्यें बंद पडल्यावरहि आपल्याकडे पुष्कळ वर्षें चालू राहिला. घरांतील कोणी तिला भंगार म्हणत, कोणी आजोबांची आठवण. एकत्र कुटुंबांत अशा वस्तूंचा निकाल सहसा लागत नाहीं. त्यांवर पाऊस तेवढा पडत राहतो.

गेल्या वर्षीं आजी म्हणाली, “आखाजीला मुली माहेरीं येतील. त्यांच्यासंगें मला एकदां त्या गाडींतून मळ्यांत नेऊन आणा.” नव्वदीच्या माणसाचा शब्द मोडवेना, आणि काम सुरू झालें.

इंजिन सुधारलें, पाटे बदलले. पण मागचा आंस उतरविला तेव्हां मिस्त्रीनें मान हालविली. वर्षानुवर्षें प्रमाणाबाहेर भार वाहून आंसाची नळी वांकली होती, आणि आंतील क्राउन चक्राचे दांते तुटले होते. आंस सबंधच बदलावा लागणार होता.

धाकटे काका लगोलग धुळ्यास गेले. १९०६ सालीं सरकारनें खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले, तरी जळगांवास न मिळालेली वस्तु धुळ्यास शोधावी हा आमच्या घरचा रिवाज आहे. तिसऱ्या दिवशीं एका भंगारवाल्याकडून आंस आला. लांबी तीच, पाट्यांची बैठक तीच. मिस्त्रीनें एकच प्रश्न केला: “काका, दांते मोजले का?” काकांस तो अपमान वाटला. आखाजी पंधरा दिवसांवर आली होती. आम्हींहि काकांचीच बाजू घेतली, हें येथें कबूल केलें पाहिजे. बहिणींना पत्रें धाडून आम्हीं आधींच मोठेपणा मिरविला होता.

मिस्त्री कांहीं बोलला नाहीं. त्यानें आमच्या नववींत शिकणाऱ्या पुतणीस हांक मारली. गाडीचें पुढचें एक चाक जॅकवर उचललें, दुसरें जमिनीवर ठेविलें, आणि उचललेलें चाक सोळा वेळां फिरविलें. चाकाला बळ पोंचविणाऱ्या दांड्यावर खडूची खूण होती. तिच्या प्रत्येक फेऱ्याला मुलगी एक चिंचोका टाकीत होती. चिंचोके भरले ४३. मग नव्या आंसाचें एक टोंक घट्ट धरून दुसरें तसेंच सोळा वेळां फिरविलें. चिंचोके भरले ३९.

ह्याचा अर्थ असा. पिनियनचे दांते दोन्हीकडे ८. पण पुढच्या क्राउन चक्राचे ४३ आणि नव्या आंसाच्या चक्राचे ३९. एक चाक धरून ठेविलें कीं दुसऱ्याच्या दोन फेऱ्यांत क्राउन चक्राचा एकच फेरा होतो, म्हणून हिशेबाला सोळा फेरे. चिखलांत लिव्हर ओढून चारी चाकांस बळ दिलें कीं पुढचा व मागचा दांडा एकाच वेगानें फिरतो. मग मागचीं चाकें पुढच्यांहून दर शंभर हातांमागें दहा हात अधिक धांवूं पाहणार. ओल्या मातींत तीं घसरून निभावतील. कठीण रस्त्यावर मात्र सारा ताण दांत्यांवर येऊन कांहींतरी मोडणार.

“मग लिव्हर ओढायचाच नाहीं, म्हणजे झालें,” काका म्हणाले.

आजी ओसरीवरून ऐकत होती. ती म्हणाली, “तूं नाहीं ओढणार. पण उद्यां गाडी रुतल्यावर ही मुलें ओढतील. त्यांना कोण सांगेल? तूं का मी?”

ह्यावर कोणाजवळच उत्तर नव्हतें. भंगारवाल्यानें आंस परत घेतला नाहीं, तें नुकसान घराच्या समाईक खात्यावर पडलें. आखाजीला बहिणी आल्या, झोके बांधले गेले, सांजोऱ्या झाल्या. गाडी मात्र लांकडी ठोकळ्यांवर. आजी तिच्यांत क्षणभर बसून उतरली. काका त्या दिवशीं पंक्तीला उशिरां आले.

पुढें ज्येष्ठांत जळगांवांतच एक आंस मिळाला. ह्या वेळीं काकांनीं स्वतः चिंचोके मोजले, दोनदां: ४३. आंस बसला. आम्ही व काका एरंडोल, पारोळें करीत धुळ्यास जाऊन आलों. तेथें पोंचतांच मिस्त्रीच्या सांगण्याप्रमाणें यू-बोल्ट पुन्हां आवळले. वाटेंत काका फारसे बोलले नाहींत. लळिंगचा किल्ला दिसूं लागला तेव्हां एवढेंच म्हणाले, “अप्रूप मोजण्याचें नाहीं रे. मोजायला एका पोरीनें सांगावें लागलें, ह्याचें.”

वळणावर बाहेरचें चाक अधिक धांवतें, आंतलें कमी. त्यासाठीं आंसाच्या पोटांत डिफरन्शियलची योजना असते, आणि म्हणून दोन चाकें निरनिराळ्या वेगानें जाऊनहि एकच भार ओढतात. आमच्यासारखीं घरें अशाच योजनेवर चालतात. परंतु आमच्या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या आंसांमध्यें तशी सोय नाहीं. जेथें फरक सामावून घेण्याची सोय नाहीं, तेथें हिशेब आधींच जुळवावा लागतो. “पुढचें पुढें पाहूं” म्हणून चालत नाहीं.

आषाढांत आजीला मळ्यांत नेलें. बहिणी सासरीं परतल्या होत्या. काळ्या मातींत गाडी रुतली, पुतणीच्या बापानें लिव्हर ओढला, आणि गाडी हळूच वर आली. आजीनें विचारलें, “ओढलास का?” तो “हो” म्हणाला. मग तिनें डोळे मिटून घेतले, आणि केळीचीं पानें हातावरून घासत गेलीं तरी घर येईपर्यंत उघडले नाहींत.