सावलीचे औषध

वाढत्या वयात तहान मंदावते, घामही कमी येतो; म्हणून उन्हाळ्यात वृद्ध रुग्णांना मी सावलीतून फिरण्यास सांगतो. पण सावली उरली कोठे? आमच्या भागात पुनर्विकासाच्या भूखंडावरील जुन्या चिंचेची साल बुंध्याभोवती गोल सोललेली आढळली. अशाने पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत पोहोचत नाही. झाड सावकाश वाळते आणि मग ‘धोकादायक’ ठरवून तोडले जाते. महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी वृक्ष संरक्षण कायद्याने परवानगीविना अशी इजा करणे हीदेखील वृक्षतोडच मानली आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरील झाडांना ‘हेरिटेज’ वृक्षाचा दर्जा दिला. ज्येष्ठांची शुश्रूषा करणाऱ्यांनी असे दिसताच महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्यास छायाचित्रासह लेखी कळवावे. नवे रोप एवढी सावली देईपर्यंत जी वर्षे लागतील, ती आपल्या आजी-आजोबांपाशी नसतात.