शून्य ते दहा

आईची केमो सुरू झाली तेव्हा मी एक्सेल शीट उघडली. तारीख, हिमोग्लोबिन, प्लेटलेट्स, वजन, उलट्या. इंजिनिअर मुलाला दुसरं काय सुचणार? तिला कसं वाटतंय, याचा रकाना मात्र नव्हता. विचारलं की एकच उत्तर यायचं, "बरी आहे रे."

रात्री जागून वाचताना जिमी हॉलंड सापडल्या. मानसोपचारतज्ज्ञ, नवरा कॅन्सरचा डॉक्टर. उपचारांत सगळं मोजतात, पण पेशंटला कसं वाटतंय हे कुणी विचारत नाही, हे त्यांना खटकलं. १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये त्यांनी मानसोपचार सेवा उभारली. म्हणजे ज्या विषयात करिअर करायचं, तो विषयच त्यांना आधी उभा करावा लागला.

१९९८ मध्ये त्यांच्या गटाने 'डिस्ट्रेस थर्मामीटर' मांडला. थर्मामीटरचं चित्र, शून्य ते दहा. पुढे त्याला अडचणींची यादी जोडली गेली: पैसे, प्रवास, झोप, भीती. आकडा चार किंवा जास्त आला की नीट विचारपूस करायची. 'डिस्ट्रेस' हा शब्दही मुद्दाम निवडलेला. 'मानसिक आजार' म्हटलं की माणसं बिचकतात.

मी मोबाइलवर त्याचा मराठी फॉर्म केला. कोडला एक संध्याकाळ लागली, 'डिस्ट्रेस'ला आठवडा. तणाव? पुस्तकी. टेन्शन? ते परीक्षेचं. शेवटी लिहिलं, 'मनाला किती त्रास होतोय?'

आईने बाबांसमोर दोन दाबलं. बाबा दूध आणायला खाली उतरले. तिने फोन परत मागितला आणि आठ केलं. टिक भीतीवर नव्हती, पैशांवर होती.

"ताईच्या लग्नाची एफडी मोडलीत ना? मला कळतं सगळं."

आम्ही तिच्यापासून ते लपवलं होतं.

एकच बाई, पाच मिनिटांत दोन आकडे. बग नव्हता. आपल्याकडे पेशंटला प्रश्न विचारला जातो तेव्हा खाटेभोवती अख्खं घर उभं असतं. मग आकडा नक्की कुणाचा असतो? मला यावर संशोधन करायचंय. नोकरी सांभाळून मानसशास्त्राच्या एमएला प्रवेश घेतलाय. पीएचडी धरली तर पस्तिशी गाठेन, आणि पगार आताच्या निम्माही नसेल.

आईचे उपचार आता संपलेत. ती म्हणाली, "चांगली नोकरी सोडून लोकांना कसं वाटतंय विचारत फिरणार? मग आधी बाबांना विचार."

मी बाबांना फोन दिला. आई समोरच बसली होती.

त्यांनी दोन दाबलं.