फोडणीआधीची वाटी

उष्टावणाला सगळं गणगोत जमतं. मामा चांदीच्या वाटीतली खीर बाळाच्या ओठांना लावतो, फोटो निघतात, पंगत उठते. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र घरात बाळ, आई आणि चूल एवढंच उरतं, आणि आज बाळाला काय भरवायचं हा प्रश्न उरतो. माझ्या लेकीचं उष्टावण कार्तिकात झालं. आमच्या पारनेर तालुक्यात तेव्हा कांदा लागवडीची गडबड सुरू होते. सकाळी वाफ्यावर गेलेली बाई दुपारच्या भाकरीलाच घरी येते. त्यामुळे जे काही भरवायचं ते घरच्या स्वयंपाकातूनच निघायला हवं, बाळासाठी वेगळी चूल मांडायला कुणाला सवड नाही, हे मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं.

आत्याबाईंचा म्हणजे माझ्या सासूबाईंचा सल्ला ठरलेला होता. "वरणाच्या वरचं निवळ पाणी दे. भाताची पेज दे. एवढ्याशा पोटात भाकर कशी जिरंल?" त्यांनी स्वतःची चार लेकरं अशीच वाढवलेली, त्यामुळे त्यांच्या बोलण्याला वजन होतं. शिवाय आमच्याकडे घरोघरी हेच चालतं. आमच्या आशाताईंनी, म्हणजे गावच्या आशा स्वयंसेविकेनं, मात्र एक साधी खूण सांगितली होती: चमचा तिरका केला की जे ओघळून जातं ते बाळाचं जेवण नव्हे. चमच्यावर ठरलं पाहिजे. सहा महिन्यांच्या बाळाचं पोट लहान असतं हे आत्याबाईंचं म्हणणं खरंच आहे, आणि म्हणूनच ते पाण्यानं भरून चालत नाही. वरणाच्या पाण्यात डाळ नावापुरती असते. पोट भरतं, बाळ गप्प होतं, अंगाला मात्र काही लागत नाही. मऊ शिजवून घोटलेली मूगडाळ या वयात खुशाल पचते.

आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होत आलेला बाजरीचा खिचडा मी लेकीसाठी धरला. बाजरी निवडून तिच्यावर पाण्याचा हबका मारायचा, थोडा वेळ झाकून ठेवायची. मग उखळात हलक्या हाताने कांडायची, म्हणजे कोंडा सुटतो. तो सुपात पाखडून काढायचा. मूठभर मूगडाळ घालून कुकरला भरपूर शिट्ट्या द्यायच्या. झाकण उघडलं की आधी बाळाची वाटी बाजूला काढायची, मग उरलेल्याला मोठ्यांसाठी मीठ, मिरची, लसणाची फोडणी. बाळाच्या वाटीत घरचं तूप घालून बोटांनी रगडायचं, मिक्सरला लावायचं नाही. सुरुवातीला अगदी मऊ, मग हळूहळू थोडं भरड, म्हणजे चावायची सवय लागते. मीठ आणि साखर वर्षाच्या आत नको आणि मधाचं तर बोटसुद्धा नको, हे आशाताईंनी बजावलं होतं. आमच्याकडे बाळगुटी मधातून चाटवायची रीत आहे, तिथे मी ठाम नाही म्हटलं. मधातून होणारी विषबाधा एवढ्या लहान जिवाच्या जिवावर बेतू शकते.

बाजरीवर माझा भर असण्याला कारण होतं. बाळ जन्माला येताना आईच्या पोटातून लोहाचा साठा घेऊन येतं. तो साधारण सहा महिन्यांत संपत येतो, आणि आईच्या दुधात लोह फार थोडं असतं. नेमक्या त्याच वेळी बाळाला पेजेवर ठेवलं तर रक्त वाढणार कशावर? आमचं घर माळकरी, अंडं चुलीवर चढत नाही, आणि तो आग्रह मी धरलाही नाही. ज्यांच्या घरी चालतं त्यांनी सहा महिन्यांनंतर अंडं नीट उकडून जरूर द्यावं. आमची भिस्त बाजरी, हुलगा, मटकी आणि शेवग्याच्या पाल्यावर. धान्य-कडधान्यातलं लोह अंगी लागायला जरा अवघड असतं, म्हणून भिजवणं, मोड आणणं, वाटीत लिंबाचे दोन थेंब पिळणं ही सगळी खटपट. आणि चहा बंद. चहात बुडवलेलं बिस्कीट हे आमच्याकडच्या लेकरांचं पहिलं खाणं होऊन बसलंय याचं मला फार वाईट वाटतं. चहा लोहाच्या आड येतो आणि बिस्कीट भूक मारतं.

या बाजरीची एक गोष्ट आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक आईला माहीत असायला हवी. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि हैदराबादजवळची इक्रिसॅट ही संस्था यांच्या कामातून 'धनशक्ती' नावाचा बाजरीचा वाण 2012 साली महाराष्ट्रात आला. त्यात किलोमागे सुमारे 71 मिलिग्रॅम लोह भरतं. तो संकरित नाही, त्यामुळे घरचं बी राखून पुढच्या वर्षी पेरता येतं. त्याची पारख झाली तीही आपल्या नगर जिल्ह्यातच. शाळेत जाणाऱ्या, 12 ते 16 वर्षांच्या मुलामुलींना या जादा लोहाच्या बाजरीची भाकरी आणि शेव काही महिने खाऊ घातली. ज्यांच्या अंगात लोहाची तूट होती त्यांची ती साध्या बाजरीपेक्षा लवकर भरून निघाली. 2015 साली हा अभ्यास छापून आला. ती मुलं मोठी होती, तान्ही नव्हती, हे मान्य. पण ज्या भाकरीला आपण गरिबाचं अन्न म्हणतो तिच्यात काय आहे, ते यातून नीट कळतं. एवढंच लक्षात ठेवायचं, बाजरीचं पीठ फार दिवस टिकत नाही, कडू होतं. बाळासाठी थोडं थोडंच दळावं.

लेकीने पहिल्यांदा हुलग्याचं माडगं तोंडाबाहेर ढकललं. शेवग्याच्या पाल्याला तर तिने तोंडच वाकडं केलं. नवीन चव आठ-दहा वेळा समोर आल्याशिवाय लेकरू ती आपली म्हणत नाही, हे कळलं की जीव टांगणीला लागत नाही. जबरदस्ती करायची नाही, दोन दिवसांनी पुन्हा वाटीत घालायचं.

हा धीर आमच्या घरात सगळ्यात जास्त कुणाकडे निघाला तर सासऱ्यांकडे. त्यांना सगळे नाना म्हणतात. आम्ही दोघी वाफ्यावर असताना दुपारची वाटी त्यांच्या हाती आली. हात धुऊन, मांडी घालून, लेकीला समोर टेकवून बसवायचे. एक घास दिला की तिचं तोंड रिकामं होईपर्यंत थांबायचे, तोवर तिच्याशी गाईच्या, पावसाच्या गप्पा. मोबाइल जवळपास नाही. तिने तोंड फिरवलं की वाटी खाली. तिच्या हाताला भाकरीचा पापुद्रा काढून आतला मऊ भाग वरणात कालवून द्यायचे, ती निम्मा अंगाला फासायची, नाना हसायचे. भरवणं हे बाईचंच काम, असं आमच्या गावात कुणी म्हटलं तर मी नानांकडे बोट दाखवते.

माझं माहेर पाथर्डी तालुक्यातलं. तिथलं चित्र वेगळं आहे. माझी भावजय दिवाळीनंतर भावाबरोबर ऊसतोडीला जाते. पहाटे फडात उतरायचं, तान्हं लेकरू उसाच्या वाढ्यांच्या सावलीला नाहीतर कोपीत. तिथे तीन वेळा ताजं शिजवणं कुणाला जमणार? मग आम्ही दोघींनी निघण्यापूर्वी बाजरी, मोड आणून सुकवलेला हुलगा, मूगडाळ आणि शेंगदाणे वेगवेगळे खमंग भाजले, थोडं थोडं दळलं आणि उरलेलं भाजकं धान्य तसंच डब्यात बांधून दिलं. उकळत्या पाण्यात कालवलं की घट्ट खीर तयार. शेंगदाणा मात्र कुटल्याशिवाय द्यायचा नाही, अख्खा दाणा लेकराच्या घशात अडकतो.

लेकरांच्या तोंडात गावानेच घास घालायचा, ही रीत आपल्या जिल्ह्याला नवी नाही. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. औषधाआधी लोकांनी त्यांच्याकडे अन्न-पाण्याचंच गाऱ्हाणं मांडलं. दुष्काळाच्या त्या वर्षांत गावोगावी लहान मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरं चालली. गावानेच निवडलेल्या, बऱ्याचशा निरक्षर बायका पुढे आरोग्यसेविका झाल्या आणि त्यांनी घरोघर जाऊन लेकराला काय, कधी, किती भरवायचं ते सांगितलं. तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या सहा महिने ते दोन वर्षांच्या शंभर मुलांपैकी जेमतेम अकरा मुलांना पुरेसा आहार मिळतो असं दिसलं. शंभरातली उरलेली सगळी काही अन्नावाचून असलेल्या घरांतली नाहीत. पुष्कळांच्या घरी बाजरीची कणगी भरलेली असते आणि बाळाच्या वाटीत मात्र पाणी.

सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दिवसातून दोन-तीन वेळा, नऊ महिन्यांपासून तीन-चार वेळा भरवायचं, आणि अंगावरचं दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवायचं. त्यासाठी महागडा डबा लागत नाही. तुमच्या घरात या वयाचं लेकरू असेल तर आज संध्याकाळी कढईत फोडणी पडण्याआधी एक वाटी घट्ट वरण-भात नाहीतर खिचडा त्याच्यासाठी बाजूला काढा, आणि ती भरवायला घरातल्या एखाद्या पुरुषाला बसवा.